घरगुती आमिषांचा प्रश्न : बोर्ली पंचतनहून एक आढावा

गळाच्या घरगुती कृत्रिम आमिषांविषयी एक आढावा लिहून द्यावा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा जून सरत आला होता, भरडखोलच्या बंदरात होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या होत्या, आणि प्रस्तुत लेखकाच्या पडवीत पांगाऱ्याच्या लाकडाचे तीन अर्धवट मासे सुतळीला टांगून वाळत घातलेले होते. त्यामुळे विषय परका आहे अशी सबब सांगण्याची सोय उरली नव्हती.

ज्यात माशाने खाण्याजोगे काहीही नाही आणि तरीही ज्यावर मासा आपण होऊन झडप घालतो, अशी गळ लावलेली वस्तू म्हणजे कृत्रिम आमिष. दुकानदार तिला इंग्रजी नावाने 'लुअर' म्हणतात, आमच्या आळीतली मुले सरळ 'खोटा मासा' म्हणतात, आणि मला दुसरे नाव अधिक नेमके वाटते. हा खोटा मासा बाजारातून न आणता घरी बसून करवत, पटाशी आणि कानस यांच्या साहाय्याने घडवण्याचा छंद आता कोकणपट्टीवरही दिसू लागला आहे, आणि छंदाच्या पाठोपाठ त्याचे वादही आले आहेत. लाकूड कोणते घ्यावे, माशाला रंग दिसतो की हालचाल, वजनासाठी शिसे वापरावे की नाही, पकडलेला मासा सोडावा की रांधावा, असे हे वाद वरवर पाहता सुटेसुटे दिसतात. परंतु ते एकत्र मांडून पाहिले असता असे लक्षात येते की यांतील बहुतेक पक्ष ज्या पाण्यात जन्मले त्या पाण्यापुरते खरे आहेत, आणि आपल्या पाण्यात त्यांची पारख व्हायची अजून बरीचशी बाकी आहे.

आपले पाणी म्हणजे कोणते, हे आधी सांगितले पाहिजे. बोर्ली पंचतन हे श्रीवर्धन तालुक्यातले बाजाराचे गाव. मांडल्याची बोर्ली निराळी, ती मुरूड तालुक्यात. पत्त्यात 'पंचतन' लिहायचे राहिले म्हणून माझे गळांचे एक पुडके तिकडे आठ दिवस मुक्काम करून आले होते. गावापासून पश्चिमेला गेले की दिवेआगरची लांबलचक पुळण आणि सुरूचे बन लागते. दक्षिणेला श्रीवर्धनच्या वाटेवर भरडखोलचे बंदर आणि शेखाडीचे खडक. उत्तरेला दिघी आणि राजपुरीची गढूळ खाडी. पुळणीवरची लाट, खडकावरचा उसळता फेस आणि खाडीतला चिखल अशी तीन जातींची पाणी इतक्या थोड्या टापूत एकत्र आल्यामुळे, जो खोटा मासा सकाळी दिवेआगरला नीट पोहतो तो संध्याकाळी दिघीच्या धक्क्यावर निरुपयोगी ठरावा, यात नवल नाही.

पूर्वपीठिका

कृत्रिम आमिषाचा जुना आणि स्पष्ट उल्लेख पाश्चात्त्य वाङ्मयात इसवी सन २०० च्या सुमारास सापडतो. प्राण्यांच्या स्वभावांविषयी लिहिणाऱ्या एलियन नावाच्या ग्रंथकाराने मॅसिडोनियातील कोळ्यांचे वर्णन करताना, ते गळाला तांबडी लोकर गुंडाळून तिच्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधतात आणि नदीवरील माशीचे ते सोंग पाहून मासे फसतात, अशी नोंद केली आहे. आपल्याकडे या शौकाचे दफ्तर याहूनही रसाळ आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये 'मत्स्यविनोद' म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती, त्यांना चारा घालून एका जागी आणण्याची रीत, काठी, दोरी आणि गळ यांचे विवेचन आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, हा मराठीच्या इतिहासात वारंवार उद्धृत होणारा उल्लेख ज्या ग्रंथातला, तोच हा ग्रंथ. मासा पोटासाठी न धरता मौजेखातर धरणे ही इंग्रज साहेबाने आणलेली टूम आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे प्रकरण अवश्य पाहावे. मात्र त्याचा रोख खाद्यावर आहे, पिठाचे गोळे मळण्यावर आहे. लाकडाचा किंवा धातूचा मासा घडवणे ही त्या राजाची कल्पना नव्हे.

साहेबाचा वाटा नंतरचा. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकाऱ्याचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ साली मंगळुरास निघाले, आणि महासीर माशाला फिरत्या आमिषाने कसे खेळवावे याचे शास्त्र हिंदुस्थानातील गोऱ्या अंमलदारांनी बहुतांशी त्यावरून घेतले. देवाणघेवाण एकेरी नव्हती, हेही नमूद करावेसे वाटते. विलायतेत सामन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या भपकेबाज कृत्रिम माश्यांना ज्या मानेच्या पिसांवाचून शोभा नाही असे मानीत, ती पिसे आपल्या सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याची. स्कॉटलंडमधील नदीकाठचा एखादा सरदार आमच्या रानातल्या कोंबड्याच्या जिवावर मासे धरीत होता. आता तो पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छायेत आहे, आणि छंदिष्टांनी पाळीव कोंबड्याच्या पिसांवर भागवावे हेच इष्ट.

धातूचे आणि लाकडाचे आमिष लोकप्रिय झाले ते मात्र आटलांटिकच्या पलीकडे आणि उत्तर युरोपात. चमच्याच्या पात्यासारखे चकाकणारे आमिष अमेरिकेतील ज्युलिओ ब्यूएल याने १८५२ साली पेटंट करून घेतले. फिनलंडमधील लाउरी रापाला या गरीब कोळ्याने १९३६ साली बुचाचा मासा चाकूने कोरला, त्यावर चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी चिकटवली आणि छायाचित्रांच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप वर चढवला. घरगुती आमिषाच्या छंदाला आद्यपुरुष हवाच असेल तर तो हा, कारण त्याच्याजवळ घरात सापडणाऱ्या टाकाऊ जिनसांखेरीज काही नव्हते. पुढे १९६२ च्या ऑगस्टमध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने त्याच्या आमिषावर लेख छापला आणि कारखान्याला मागणी पुरवता येईना, अशी अवस्था झाली. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर मेरिलिन मन्रो होती, तेव्हा यशाचा किती हिस्सा लाकडी माशाचा आणि किती तिचा, याची वाटणी करणे अवघड आहे.

आमच्या किनाऱ्यावर यातले काही अगदीच अपरिचित होते असे समजू नये. जन्मभर होडीवर काढलेल्या एका वयोवृद्ध तांडेलाने मला सांगितले की त्याच्या तरुणपणी सिगारेटच्या पाकिटातली पन्नी गळाच्या दांडीला गुंडाळून किंवा कोंबड्याचे पांढरे पीस बांधून ती गरी चालत्या होडीमागे सोडीत, आणि सुरमई तिच्यावर येई. त्याला कुणी छंद म्हटले नाही. जाळे ओढून परत येताना वाटेत जे मिळेल ते, इतकाच त्याचा हिशेब होता. फरक पडला तो, पन्नी गुंडाळण्याच्या ठिकाणी चार-चार संध्याकाळी खर्चून खवले रंगवण्याची हौस आली तेव्हा.

लाकडाचा वाद

साहित्याच्या प्रश्नावर दोन ठळक पक्ष आहेत, आणि तिसरा हल्ली दार ठोठावतो आहे.

पहिला पक्ष हलक्या लाकडाचा. परदेशी पुस्तके बाल्साची शिफारस करतात, जे पाण्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकेच जड असते. ते आपल्याकडे मिळते पण महाग. त्याच्या जागी आपल्याकडचा पांगारा चालतो, असे या पक्षाचे म्हणणे. कुंपणाला लावलेला, फाल्गुनात लालभडक फुलणारा हा वृक्ष सर्वांच्या ओळखीचा. त्याचे लाकूड पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, कधी त्याहून हलके, आणि नखाने दाबले तरी खूण उठावी इतके मऊ. सावरही त्याच कुळातली म्हणायची. अशा लाकडाचा मासा पाण्यात उसळतो, तंगुसाला जरा ओढ दिली की अंग हलवतो, आणि त्याच्या पोटात वजन घालायला भरपूर वाव राहतो. दोष असा की ते पाणी पिते, ओलसर हवेत काळे पडते, त्याला भुंगा लागतो, आणि त्यात पिळून बसवलेली आकडी मोठ्या माशाच्या एका हिसक्यात उपटून येते. यावर उपाय म्हणजे पोटाला उभी चीर देऊन, नाकापासून शेपटीपर्यंत स्टेनलेस पोलादाची एकच सलग तार आत बसवायची आणि दोन्ही टोकांना तिचेच डोळे वळवायचे. मग लाकूड फुटले तरी मासा तारेवर राहतो. गळाचे सगळे ओझे तारेवर आणि लाकूड केवळ देह, ही योजना एकदा पटली की पांगाऱ्याविषयीचे निम्मे आक्षेप गळून पडतात.

दुसरा पक्ष घट्ट लाकडाचा. शिवण पाण्याच्या निम्म्याहून थोडी कमी, सागवान दोन तृतीयांशाच्या जवळपास. सुताराच्या कोपऱ्यात दोन्हींचे तुकडे फुकट मिळतात, दात लागले तरी टिकतात, आणि लांब फेकायला वजनाने बरे पडतात. पुळणीवर वाऱ्याच्या तोंडावर उभे राहून फेकणाऱ्याला हा मुद्दा फार मोलाचा, कारण हलका मासा वाऱ्याने परत पायाशी येऊन पडतो. सुरूचे लाकूड दारात आहे म्हणून कुणी वापरू गेले तर मात्र ते जवळजवळ पाण्याइतकेच जड असल्याचे आढळेल. त्याचा खोटा मासा वजन न घालताच बुडू पाहतो. हलक्यांचे म्हणणे, जड लाकडाचा मासा मेल्यासारखा येतो. जडांचे म्हणणे, हलक्याचा मासा माशापर्यंत पोहोचतच नाही. पुळण आणि खाडी यांचे हे भांडण आहे, हे ऐकणाऱ्याच्या लगेच ध्यानात यावे, पण भांडणाऱ्यांच्या येत नाही.

तिसरा पक्ष संगणकावर आकृती काढून यंत्राकडून थरावर थर चढवून घेण्याचा. दोन मासे तंतोतंत सारखे निघतात, आणि एका मापात फरक करून परिणाम तपासता येतो, हा त्याचा निर्विवाद गुण. हाताने कोरणाऱ्याला आपला चांगला ठरलेला मासा पुन्हा कधीच तसाच जमत नाही. परंतु या कामी सर्रास वापरले जाणारे प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि वैशाखात दिवेआगरच्या वाळूवर उभ्या केलेल्या मोटारीत ठेवलेला मासा संध्याकाळी केळीच्या सालीसारखा वाकलेला आढळतो. शिवाय थरांच्या सांध्यांतून पाणी शिरते. यंत्राने केलेला मासा 'घरगुती' म्हणावा काय, यावरही मतभेद आहेत. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. ज्याने आकृती स्वतः आखली त्याचा तो मासा.

लेपाविषयी थोडक्यात. जुन्या होड्यांच्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावीत, आणि ते आजही चांगले काम करते. पण ते अंगाला लागले की बिब्यासारखे फोड येतात, तेव्हा मुलांना त्यापासून दूर ठेवावे. लाखेचे पॉलिश दिसायला सुंदर, खाऱ्या पाण्यात अल्पायुषी. दोन बाटल्यांतले मिश्रण करून लावायचा इपॉक्सी लेप सर्वांत टिकाऊ, मात्र परदेशी पुस्तकात दिलेली त्याची कृती आषाढात बोर्लीला पाळली तर वर दुधाळ, चिकट साय धरते, कारण हवेतली आर्द्रता त्याच्याशी खेळ करते. मी चुलीशेजारच्या फडताळात दिवा लावून मासे वाळवतो. घरातून होणारी तक्रार रास्त आहे.

रूप, रंग की चाल

या छंदातला सर्वांत जुना आणि सर्वांत गोड वाद हाच. रूपवादी म्हणतात की मासा आपले भक्ष्य ओळखतो, म्हणून पेडव्याचे सोंग घ्यायचे तर पेडव्याची चंदेरी कूस, निळसर पाठ आणि मोठा डोळा हुबेहूब उतरला पाहिजे. या पक्षाच्या घरी गेले तर कारागिरीची परमावधी दिसते: बेगडाचे तुकडे, मच्छरदाणीची जाळी अंगावर ताणून तिच्यातून फवारलेले खवले, आणि डोळ्याच्या जागी सौभाग्यवतीच्या डबीतून पळवलेली टिकली. चालवादी म्हणतात की हे सगळे माणसाच्या डोळ्यांसाठी आहे. मासा झडप घालतो तो जखमी, भेदरलेल्या, कळपातून फुटलेल्या माशाच्या धडपडीवर, आणि ती धडपड खोट्या माशाच्या तोंडाशी बसवलेल्या पट्टीच्या कोनात आणि पोटातल्या वजनाच्या जागेत असते. रापालाच्या यशाचे इंगित कंपनीवाले सांगतात तेही हेच, की तळ्यावर होडी वल्हवताना त्याने कळपातल्या लंगडणाऱ्या माशाची चाल हेरली.

चालवाद्यांची बाजू समजण्यास एक साधा प्रयोग पुरतो. एकाच लाकडाचे, एकाच मापाचे दोन मासे घ्यावेत. एकाची पट्टी हनुवटीशी जवळजवळ उभी बसवावी, दुसऱ्याची नाकाच्या रेघेत पुढे लांब काढावी. पहिला पाण्याच्या वरच्या थरात राहून अंग मोठ्याने घुसळतो, दुसरा नाक खाली करून खोल जातो आणि बारीक थरथरतो. रंग तोच, रूप तेच, आणि तरी ते दोन निराळे प्राणी. पट्टीसाठी परदेशी लोक पारदर्शक प्लास्टिक कापतात. जुन्या सीडीचा तुकडा उत्तम चालतो, आणि करवंटी कानशीने पातळ करून बसवणारेही मी पाहिले आहेत.

रंगाविषयी विज्ञान जे सांगते ते दोन्ही पक्षांना अर्धे अर्धे सोयीचे आहे. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. स्वच्छ समुद्रातही काही मीटर खोलीवर लाल रंग काळपट दिसू लागतो, मग राजपुरीच्या खाडीसारख्या गाळाच्या पाण्यात तर हातभर अंतरावर रंगाची बाब संपुष्टात येते आणि उरतो तो काळा-पांढरा भेद. परंतु माशाला डोळ्यांखेरीज दुसरीही इंद्रिये आहेत. त्याच्या दोन्ही कुशींवरून जाणारी पार्श्वरेषा पाण्यातील सूक्ष्म हालचाली आणि मंद कंपने टिपते, आणि अंधारात, गढुळात, जिताड्यासारखा दबा धरून बसणारा मासा तिच्या भरवशावर शिकार करू शकतो. वर ज्याचा उल्लेख केला त्या तांडेलाने माझा तीन रंगांत रंगवलेला मासा हातात उलटसुलट करून पाहिला आणि म्हटले, "भाऊ, मासली डोल्यानं नाय बगत, पान्यानं बगते." प्राणिशास्त्राच्या पुस्तकातले प्रकरण याहून थोडक्यात सांगता येईल असे मला वाटत नाही. तथापि रूपवाद्यांचा मुद्दा याने निकालात निघत नाही: पावसाळा संपून पाणी निवळले, शेखाडीच्या खडकांवर माघात तळ दिसू लागला, की तोच मासा मागून येतो, आमिषाजवळ थबकतो आणि वळून जातो, हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे, त्याने काहीतरी पाहिलेच असणार. पोटात छर्रे घालून खुळखुळा वाजवावा की नाही, हा या वादाचा उपवाद आहे. माकूल धरण्यासाठी जपानच्या कागोशिमाकडे एदो काळापासून कोरली जाणारी कोळंबीच्या आकाराची लाकडी आमिषे मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहेत.

येथे खारेपणाची एक खोच सांगितली पाहिजे, कारण पुस्तकांतून तिचा विचार गोड्या तळ्यांच्या हिशेबाने केलेला असतो. मध्यंतरी मी एक मासा केला; औषधाच्या मापाच्या नळीत बुडवून पाहिले तर त्याचे आकारमान वीस मिलिलिटर भरले, आणि बाजारात सोनाराच्या तराजूवर त्याचे वजन वीस ग्रॅम दोनशे मिलिग्रॅम आले. (सोनाराने हा कुठला दागिना म्हणून विचारले, ते असो.) परसातल्या विहिरीत सोडला तो सावकाश बुडाला, म्हणून बुडता मासा समजून मी तो दिवेआगरला नेला, आणि तेथे तो बुचासारखा तरंगू लागला. कारण उघड आहे: समुद्राचे पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड, तेव्हा तितक्याच आकाराला ते वीस ग्रॅम पाचशे मिलिग्रॅमपर्यंत तोलून धरते. पुढे श्रावणात खाडीच्या वरच्या अंगाला, पावसाने पाणी गोडे झालेले असताना, तोच मासा पुन्हा बुडाला. पाण्यात मध्येच स्थिर राहणारा म्हणून जो मासा विकला जातो, तो कोणत्या पाण्यात स्थिर राहणारा, हे डबीवर लिहिलेले मी कोठे पाहिले नाही.

शिसे आणि मऊ प्लास्टिक

पोटातले वजन म्हणजे रूढ अर्थाने शिसे. ते स्वस्त, जड आणि ३२७ अंशांवर वितळणारे, म्हणजे घरच्या शेगडीवरही पाणी होणारे. त्याची लोकप्रियता आणि त्याचा धोका यांचे मूळ एकच आहे. ब्रिटनने राजहंसांच्या मृत्यूंवरून १९८७ पासून गळाच्या लहान शिसवजनांवर बंदी घातली. आपल्याकडे घराला लावण्याच्या रंगातील शिशावर २०१६ च्या नियमांनी दशलक्षास नव्वद भाग अशी मर्यादा आणली, पण गळाच्या शिशाला तशी आडकाठी नाही. शिशाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की लाकडाच्या पोटात लेपाखाली कोंडलेले दोन ग्रॅम शिसे कुणाच्या पोटात जात नाही, आणि कोळ्यांच्या जाळ्यांना शिशाच्या गोळ्या पिढ्यान्पिढ्या आहेत. विरोधकांचा मुख्य भर समुद्रापेक्षा स्वयंपाकघरावर आहे, आणि मला तो अधिक वजनदार वाटतो: वितळवताना निघणारा धूर आणि भुकटी घरात राहते, आणि घरात मुले असतात. शिवाय साचा किंचित ओलसर असला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन शिसे फटकन उडते. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग त्याची पावती आहे.

पर्यायांत पितळेचे मणी आणि पोलादी छर्रे आहेत, पण मला रस वाटतो तो कथलात. कल्हईवाल्याकडचे हे कथील २३२ अंशांवर वितळते, विषारी नाही. मात्र शिशापेक्षा हलके असल्याने तितक्याच वजनाला दीडपटीहून थोडी अधिक जागा मागते, आणि दहा सेंटिमीटरच्या माशाच्या पोटात ती जागा काढताना लाकूड पोखरून निघते. कल्हईवालेही आता दुर्मीळ होत चालले आहेत, हा त्यातला आणखी एक पेच.

मऊ प्लास्टिकच्या लिबलिबीत आमिषांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. घरी ओतायची तर पावणेदोनशे अंशांपर्यंत तापवावी लागतात, वाफ हानिकारक, आणि तुटून पडलेली समुद्रात तशीच राहतात. मासे धरण्याच्या बाबतीत मात्र ती अत्यंत यशस्वी आहेत, हे त्यांच्या विरोधकांनाही कबूल करावे लागते.

कोळी, हौशी आणि मासा

आतापर्यंतचे वाद करणाऱ्यांचे आपसांतले होते. उरलेला वाद या छंदाचा इतरांशी आहे.

कोळी बांधवांची तक्रार अगदी व्यावहारिक आहे. खडकात अडकून तुटलेला तिकाटी गळांचा मासा लाटेबरोबर फिरत जाळ्यात येतो, आणि जाळे झाडताना, निवडताना, तो कुणाच्या तरी तळव्यात रुततो. एका मावशीच्या हातात रुतलेला असा गळ श्रीवर्धनला नेऊन काढावा लागला. गळाचा काटा उलट्या अंगाचा, त्यामुळे ओढून निघत नाही, पुढे ढकलून कापावा लागतो. तो मासा कुणाचा होता हे कळले नाही, आणि हेच त्यांचे म्हणणे आहे: जाळ्याला धनी असतो, खोट्या माशाला नसतो. त्यांच्यातले काही असेही म्हणतात की सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या शेदोनशे काठ्यांनी आमचे काय कमी होणार, फक्त काटे आवरा. हौशी मंडळींपैकी जाणते लोक काट्याची उलटी धार पक्कडीने दाबून टाकतात, तीन तोंडांच्या गळाऐवजी एकतोंडी लावतात; त्याने मासे निसटतात, पण हातही वाचतात. ज्याने मासा स्वतः घडवला आहे त्याला हा फेरफार करणे सोपे, कारण गळ बदलला की वजन बदलते आणि तोल पुन्हा साधावा लागतो, हे त्याला ठाऊक असते. घरगुती आमिषाच्या बाजूचा हा मला सर्वांत सबळ वाटणारा मुद्दा आहे.

कायद्याचे चित्र अर्धेच स्पष्ट आहे. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम मुख्यतः नौकांना डोळ्यांपुढे ठेवून रचलेला आहे. परवाने, नोंदणी, १ जून ते ३१ जुलैची बंदी हे सर्व नौकांच्या भाषेत आहे. खडकावर काठी घेऊन उभा असलेला एकटा माणूस त्या भाषेत नीट बसत नाही. २०२३ साली राज्याने चोपन्न जातींसाठी किमान आकारमान ठरवून दिले, जेणेकरून एकदाही अंडी न घातलेले मासे मारले जाऊ नयेत. हौशी माणसाने फूटपट्टी खिशात ठेवली तर या नियमाचा हेतू त्यालाही पाळता येईल, त्यासाठी कुणी शिपाई पाठवण्याची गरज नाही.

सोडावा की रांधावा, या प्रश्नावर भावना तीव्र आहेत. सोडणाऱ्यांचा मुख्य आधार जिताड्याचे जीवनचरित्र हा आहे. हा मासा आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतो आणि पुढे मोठा झाल्यावर मादी होतो. तेव्हा छायाचित्रासाठी छातीशी धरलेला मीटरभर जिताडा बहुधा अंडी घालणारी मादी असतो, आणि ती पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी येते, नेमकी जेथे काठ्या उभ्या असतात. उलट पक्ष म्हणतो की ओठात काटे रुतवून, दमवून, हवेत धरून मग सोडलेला मासा जगतोच असे नाही, आणि अन्न हातात आलेले पुन्हा पाण्यात टाकणे हा जिवाचाही अपमान आणि अन्नाचाही. ज्या जिल्ह्यात कचेरीतले अडलेले काम जिताडा पोहोचता करून सुटत असे, अशा गोष्टी अजून चवीने सांगितल्या जातात, तेथे जिताडा सोडून देणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात, हेही समजण्यासारखे आहे. दोन्हींच्या मधले एक मत हळूहळू आकार घेत आहे: मध्यम आकाराचा घरी न्यावा, फार लहान आणि फार मोठा सोडावा. प्राणिशास्त्राशी ते जुळते. स्वयंपाकघराशीही जुळते, कारण अतिमोठा मासा चवीला राठ लागतो, असे जाणकारांचे मत आहे.

शिल्लक बाबी

खर्चाचा प्रश्न सुटलेला नाही. आयात केलेला एक मासा कित्येक शेकडे रुपयांना पडतो आणि घरचा लाकूड फुकट धरून फार थोडक्यात होतो, हे खरे. पण तार, लेप, चांगल्या प्रतीचे गळ आणि बिघडलेले नमुने हिशेबात धरले, आणि संध्याकाळींची काहीच किंमत लावली नाही तरी, पहिल्या वर्षी हा छंद तोट्याचाच ठरतो. पुढे काय होते याचा हिशेब ठेवणारे मला भेटले नाहीत.

नावांचा प्रश्न आहे. लिप, पॉपर, जिग, ट्रेबल हे शब्द रुळले आहेत आणि त्यांना हुसकावून लावण्यात मला स्वारस्य नाही. परंतु चालीच्या प्रकारांना आपल्याकडे शब्द नाहीत, म्हणून एकाने 'वळवळतो' म्हटले आणि दुसऱ्याने 'थरथरतो' ऐकले, असे होते. कोळी भाषेत माशाच्या पोहण्याचे बारकावे सांगणारे शब्द आहेत. ते गोळा व्हायला हवेत, आणि जे ते बोलतात त्यांचे वय वाढते आहे.

सर्वांत मोठी उणीव नोंदींची. १८८३ च्या कुलाबा-जंजिरा गॅझेटियरमध्ये या किनाऱ्याची दप्तरी माहिती भरगच्च आहे. पण कोणत्या भरतीला, किती गढुळात, कोणत्या मापाच्या खोट्या माशावर कोणता मासा आला, याची एका हंगामाची तरी वही या टापूत कुणी ठेवल्याचे मला आढळले नाही, आणि ती नसल्यामुळेच रूपवादी आणि चालवादी आपापल्या एकेका सुदैवी संध्याकाळीवरून सिद्धांत मांडतात. मीही त्यांच्यातलाच.

पडवीतले तीन मासे त्यासाठी केले आहेत. एकाच फांदीचे, एकाच मापाचे, प्रत्येकी वीस मिलिलिटरचे, पोटात कथील, पट्टी तिघांची सारखी. एक पेडव्यासारखा रंगवला आहे, एक निव्वळ काळा, आणि एकाला रंगच नाही, नुसता लेप. नारळी पौर्णिमेनंतर पाणी जरा शांत झाले की आळीपाळीने दहा-दहा फेका, आधी दिघीला, मग शेखाडीला, आणि वही शेजारच्या मुलाच्या हातात, कारण माझ्यावर त्याचा विश्वास नाही. त्याने वहीच्या पहिल्या पानावर तारखेचा रकाना आखून ठेवला आहे. पांगाऱ्याला मात्र काल एका बाजूने बारीक काळी बुरशी धरलेली दिसली.